लाँचर आणि टास्क स्विचर: नाशिकच्या ऑफिसांतून वारंवार येणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नाशिकमध्ये ऑफिसांत जाऊन कॉम्प्युटर शिकवते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले स्टोअरवाले, शरणपूर रोडची सीए ऑफिसं, पिंपळगावचे द्राक्षवाले, सेतू केंद्रं, लग्नपत्रिका छापणारे, असे सगळे. शिकवायला जाते एक्सेल आणि लोक अडकलेले असतात त्याच्या आधीच्या पायरीवर: "मॅडम, आत्ता इथे होती ती फाइल कुठे गेली?" नंतर तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, कधी रात्री साडेदहालाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते. उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ ची आहेत. लिनक्सवाल्यांनी (उबंटू वगैरे) १५ आणि १६ बघावेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. लाँचर म्हणजे काय आणि टास्क स्विचर म्हणजे काय? आम्हाला तर खाली एकच पट्टी दिसते.

बंद असलेलं उघडतो तो लाँचर, उघडं असलेलं समोर आणतो तो स्विचर. स्टार्ट मेनू आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन लाँचर झाले, ऑल्ट + टॅब स्विचर झाला. १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा पट्टीवर दोघांच्या जागा वेगळ्या होत्या: डाव्या टोकाला स्टार्ट, पुढे उघड्या विंडोंची बटणं. २००९ मध्ये विंडोज ७ ने दोन्ही कामं एकाच आयकॉनवर आणली. बंद असेल तर उघडेल, उघडं असेल तर समोर येईल. मॅकचा डॉक २००१ पासून असाच चालतो. तुम्हाला एकच पट्टी दिसते ती त्यामुळे. प्रोग्रॅम चालू आहे की नाही, हे आयकॉनखालच्या छोट्या रेघेवरून ओळखायचं, आणि ती रेघ बऱ्याच जणांना मी दाखवेपर्यंत दिसलेलीच नसते.

२. एकच एक्सेल तीन-तीनदा का उघडतं?

कारण तुम्ही स्विचरचं काम लाँचरकडून करून घेताय. डेस्कटॉपवरच्या आयकॉनला फक्त उघडणं येतं. आधीचं उघडं आहे का, हे तो बघत नाही.

एका पॅकहाउसच्या ऑफिसात, ऐन द्राक्षाच्या सीझनला, मी अकाउंटंटच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. कंटेनर भरायचा, फोन वाजतायत. ते दर वेळी काय करत? सगळ्या विंडो खाली करायच्या, डेस्कटॉपवर एक्सेलला डबल क्लिक, कोरं पान उघडायचं, मग त्यातून अलीकडच्या फाइलींची यादी, आणि त्या यादीतून सकाळपासून उघडीच असलेली पॅकिंग लिस्ट. दुपारी मोजलं तर बुक १ ते बुक ७ अशी सात कोरी पानं मागे साचली होती. संध्याकाळी बंद करताना प्रत्येकाला "सेव्ह करायचं का?" असं विचारलं गेलं की जीव वर-खाली.

उपाय साधा आहे, पण पहिले दोन दिवस त्रास होतो. एक्सेलच्या आयकॉनवर राइट क्लिक करून तो टास्कबारला, म्हणजे खालच्या पट्टीला, पिन करा (तिथे कायमचा लावून ठेवा), आणि मग डेस्कटॉपवरचे आयकॉन लपवून टाका (रिकाम्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्सची खूण काढा). काहीही डिलीट होत नाही. जुनी वाट बंद झाली की हात आपोआप नव्या वाटेला लागतो.

३. टास्कबारवर पिन किती कराव्यात? माझ्याकडे एकवीस झाल्यात.

एकवीस पिन म्हणजे दुसरा डेस्कटॉपच. माझं मत: सहा. रोज, म्हणजे खरोखर रोज लागतात त्याच. आठवड्यातून एकदा लागणारं स्टार्टमध्ये नाव टाइप करून उघडा.

आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. एकदा लावला की हलवायचा नाही. घरात चहा-साखरेचे डबे वर्षानुवर्षं त्याच फळीवर असतात म्हणून अंधारातही हात बरोबर जातो. पाहुण्या वहिनींनी प्रेमाने फळी आवरून ठेवली की महिनाभर साखरेच्या जागी मीठ हाताला येतं. टास्कबारचं तेच. "जरा नीट लावून देतो" म्हणणाऱ्या भाच्याला कॉम्प्युटरपासून दूर ठेवा.

४. पिन केल्या. आता त्या माऊसशिवाय कशा उघडायच्या?

विंडोज की धरून आकडा दाबा. डावीकडून पहिली पिन १, दुसरी २, असं नवापर्यंत. दहावी ० ने. प्रोग्रॅम बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर समोर येतो. माझ्या मते अख्ख्या विंडोजमधली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट ही.

पुढच्या तीन खुब्या लागतील तेव्हा वापरा. विंडोज की न सोडता तोच आकडा पुन्हा पुन्हा दाबला तर त्या प्रोग्रॅमच्या सगळ्या विंडो एकामागून एक येतात. शिफ्टही धरला तर मुद्दाम नवी प्रत उघडते. ऑल्ट धरला तर अलीकडच्या फाइलींची यादी वर येते.

आकड्यांना अर्थ तेव्हाच, जेव्हा क्रम कायम असतो. बघा प्रश्न ३.

५. ऑल्ट + टॅब दाबलं की मी त्याच दोन विंडोंत फिरतो. तिसरीवर जाताच येत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि विचारणाऱ्याची चूक दर वेळी एकच असते: ऑल्ट सुटतो.

ऑल्ट + टॅबची यादी टास्कबारसारखी जागच्या जागी नसते. सर्वांत अलीकडे वापरलेली विंडो पुढे, मग त्याच्या आधीची, असा तिचा क्रम. समजा टॅली, एक्सेल आणि व्हॉट्सॲप उघडं आहे आणि तुम्ही याच क्रमाने वापरलंत. आता तुम्ही व्हॉट्सॲपमध्ये आहात. ऑल्ट + टॅब दाबून दोन्ही सोडलं, एक्सेल आलं. पण त्याच क्षणी यादी बदलली: एक्सेल पहिलं, व्हॉट्सॲप दुसरं, टॅली तिसरं. पुन्हा दाबून सोडलं की परत व्हॉट्सॲप. असे कितीही हेलपाटे घाला, टॅलीचा नंबर लागणार नाही. टॅलीवर जायचं तर ऑल्ट अंगठ्याने धरूनच ठेवायचा, टॅब दोनदा दाबायचा आणि मग ऑल्ट सोडायचा. यादी ऑल्ट सोडल्यावरच बदलते, धरलेला असताना नाही. एखादी पुढे गेली तर ऑल्ट तसाच धरून शिफ्ट + टॅबने मागे या.

म्हणून माझा नियम असा. दोनच विंडोंत ये-जा असेल (बिल बघ, नोंद कर, बिल बघ, नोंद कर) तर ऑल्ट + टॅबला तोड नाही. डोळे न हलवता होतं. तीन किंवा जास्त असतील तर यादीत शोधत बसू नका, विंडोज की आणि आकडा वापरा (प्रश्न ४). एक अलीकडचं लक्षात ठेवतो, दुसरा जागा लक्षात ठेवतो. लोक पहिल्याकडून दुसऱ्याचं काम मागतात आणि वैतागतात.

६. बोटं दुखतात, ऑल्ट धरून ठेवणं जमत नाही.

कंट्रोल + ऑल्ट + टॅब एकदा दाबून सोडून द्या. यादी स्क्रीनवर तशीच थांबते. मग बाणांनी हवी ती विंडो निवडा आणि एंटर. तीन की एकदम दाबणंही कठीण जात असेल तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा. स्टिकी कीज चालू करायचं का, असं विचारेल. ते चालू केलं की की एकामागून एक दाबल्या तरी एकत्र दाबल्यासारख्या धरल्या जातात.

७. ऑल्ट + टॅबमध्ये एजच्या सगळ्या टॅब येतात. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढते.

सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग. तिथे किती टॅब दाखवायच्या ते विचारलेलं असतं. "टॅब दाखवू नका" हा पर्याय निवडा.

८. मी माऊसनेच झटपट करतो. कीबोर्डने खरंच वेळ वाचतो का?

वाचतो, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही.

१९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी साध्या कामांना किती वेळ लागतो याचा एक हिशेब मांडला. त्यांचे आकडे सरासरीचे आहेत: बऱ्यापैकी टाइप करणाऱ्याला एक की दाबायला ०.२ सेकंद, माऊसने एखाद्या गोष्टीवर नेम धरायला १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद आणि परत आणायला तेवढाच. म्हणजे माऊसने विंडो बदलली तर ०.४, १.१, क्लिकचा ०.२ आणि परतीचा ०.४ मिळून २.१ सेकंद. विंडोज की आणि आकडा म्हणजे दोन की, ०.४ सेकंद. फरक १.७ सेकंदांचा. दिवसात ३०० वेळा विंडो बदलली तर साडेआठ मिनिटं. एक कटिंग आणि थोड्या गप्पा, एवढंच. याच्यासाठी कुणाच्या मागे लागावं असं मला वाटत नाही.

पण त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे: पुढे काय करायचं हे मनात जुळवायला १.३५ सेकंद. आणि तोही, काय करायचं ते माहीत असताना. "कुठे गेली ती विंडो" असं चाचपडायला लागलं की त्याला काही धरबंद नाही. मी ऑफिसात बघते तेव्हा लोकांचा वेळ क्लिकमध्ये जात नाही, शोधण्यात जातो. शोधता शोधता मध्येच व्हॉट्सॲप दिसतं, त्यात दोन मेसेज, आणि मूळ काम डोक्यातून गेलेलं. त्यामुळे माऊस वापरायचा तर खुशाल वापरा. फक्त जागा पक्क्या करा, म्हणजे शोधावं लागणार नाही.

तुमच्यापुरती खात्री करायची तर मोबाईलचं स्टॉपवॉच लावा, नेहमीची दहा बिलं जुन्या पद्धतीने टाका, आठवडाभर नव्या पद्धतीची सवय करा आणि तेवढीच दहा बिलं पुन्हा टाका. पहिल्याच दिवशी तुलना करू नका. पहिल्या दिवशी नवी पद्धत हमखास हरते.

९. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ११ घेतलं. स्टार्ट मध्यभागी गेलंय. तसंच ठेवू की डावीकडे आणू?

डावीकडे आणा. (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर हा प्रश्न भरपूर आला.) सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेव्हियर्स, अलाइनमेंट: लेफ्ट.

कारण दोन. पहिलं, मध्यभागी ठेवलेली रांग हलते. नवा प्रोग्रॅम उघडला की रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्टसकट सगळे आयकॉन थोडे डावीकडे सरकतात. डबे फळीवर आपणहून सरकायला लागले तर हाताने काय लक्षात ठेवायचं?

दुसरं कारण कोपऱ्याचं. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की एखाद्या जागेवर नेम साधायला लागणारा वेळ तिच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. स्क्रीनची कड इथे आपल्या बाजूने असते, कारण माऊस कितीही जोरात ढकलला तरी बाण कडेच्या पलीकडे जात नाही. कोपरा म्हणजे दोन कडा; डोळे मिटून खाली-डावीकडे झोकून द्या, बाण तिथेच जाऊन थांबतो. गंमत अशी की विंडोज ९५ मध्ये स्टार्टचं बटण आणि स्क्रीनची कड यांच्यात बारीक फट राहिली होती. अगदी कोपऱ्यात क्लिक केलं तर स्टार्ट उघडायचंच नाही. पुढच्या आवृत्त्यांत ती चूक सुधारली, आणि ११ मध्ये स्टार्टच कोपऱ्यातून उचलून मध्यावर नेलं.

११ ने सुरुवातीला आणखीही काही काढून घेतलं होतं. टास्कबार बाजूला किंवा वर न्यायची सोय गेली. फाइल ओढत टास्कबारवरच्या आयकॉनवर नेली की ती विंडो वर यायची, तेही गेलं, आणि पत्रिकावाल्यांनी माझं डोकं खाल्लं. ही ओढण्याची सोय २०२२ च्या अपडेटमध्ये परत आली. आयकॉनवर फाइल सोडायची नाही. क्षणभर थांबायचं, विंडो वर आली की तिच्यात सोडायची.

१०. एका आयकॉनखाली सहा वर्ड फाइली. कोणती कोणाची ते कळत नाही.

टास्कबार बिहेव्हियर्समध्येच "कम्बाइन टास्कबार बटन्स" आहे, ते "नेव्हर" करा. मग प्रत्येक फाइलचं वेगळं बटण येतं, नावासकट. विंडोज ११ मध्ये हा पर्याय आधी नव्हता, २०२३ च्या अपडेटने आला. दिसत नसेल तर आधी अपडेट करा.

पण स्क्रीन लहान असेल (अजून पुष्कळ ऑफिसांत १३६६ बाय ७६८ चे लॅपटॉप आहेत) तर बटणं दाटी करतात आणि नावं अर्धवट कापली जातात. तिथे मी कम्बाइन तसंच ठेवते आणि कंट्रोल धरून आयकॉनवर क्लिक करायला शिकवते: त्या प्रोग्रॅमची शेवटची वापरलेली विंडो थेट येते, पुन्हा क्लिक केलं की पुढची.

फाइलच्या नावाचीही थोडी शिस्त हवी. सगळ्या फाइलींची सुरुवात "प्रतिज्ञापत्र" अशी केली तर सहाही बटणांवर "प्रतिज्ञाप…" एवढंच दिसणार. आधी आडनाव, मग कागदाचा प्रकार.

११. स्टार्टमध्ये नाव टाइप करतो, पण काहीच सापडत नाही. कॉम्प्युटर बिघडलाय का?

आधी घड्याळाजवळ बघा, "मरा" लिहिलंय का. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर लाँचरला तुम्ही मराठी अक्षरं देताय. इन्स्क्रिप्टवर पेंटचं इंग्रजी स्पेलिंग दाबलं की "जोगलू" उमटतं आणि कॅल्क्युलेटरची पहिली चार अक्षरं दाबली की "मोतम". एका सेतू केंद्रातल्या ताई मला म्हणाल्या, "मॅडम, हे जोगलू काय आहे, व्हायरस आहे का?"

विंडोज की + स्पेसने भाषा बदला. हे रोज होत असेल तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवायचा पर्याय आहे. तो चालू केला की वर्डमधली मराठी वर्डपुरती राहते. रोजच्या सहा गोष्टी पिन असतील तर हा प्रश्नच येत नाही. आकड्याला भाषेचं सोयरसुतक नाही.

१२. नाव बरोबर टाइप करतो, पण एंटर मारेपर्यंत भलतंच उघडतं. इंटरनेटसुद्धा.

तुमची चूक नाही. स्टार्टची यादी टप्प्याटप्प्याने भरते: आधी प्रोग्रॅम, मग फाइली, मग इंटरनेटवरचे निकाल. डोळ्याने पहिलं नाव वाचलं, बोट एंटरवर पडलं, तेवढ्यात पहिल्या जागी दुसरंच येऊन बसलं. सेकंदाच्या दहाव्या भागात झालं तर माणसाला ते तत्काळ झाल्यासारखं वाटतं. त्याहून उशिरा काही सरकलं की बोट आधीच निघालेलं असतं. लाँचर बनवणाऱ्यांनी दाखवलेलं नाव जागेवरून हलवूच नये, एवढीच माझी तक्रार आहे.

तोवर काय करायचं? दोन अक्षरांऐवजी चार टाइप करा, म्हणजे यादी लवकर स्थिरावते. किंवा मायक्रोसॉफ्टचंच मोफत पॉवरटॉईज घ्या; त्यातला पॉवरटॉईज रन ऑल्ट + स्पेसने उघडतो. त्याच्यात आधी डावा कोनी कंस, म्हणजे "पेक्षा लहान" चं चिन्ह टाइप केलं तर तो फक्त उघड्या विंडोंमध्ये शोधतो. पंधरा विंडो उघड्या ठेवणाऱ्या सीए मंडळींना हे फार आवडतं. मात्र ऑल्ट + स्पेसचा एक घोळ आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

१३. लाईट गेली की सगळं परत उघडत बसावं लागतं.

विंडोज की + आर दाबा, आलेल्या चौकटीत इंग्रजीत शेल, मग कोलन, मग स्टार्टअप, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर. जो फोल्डर उघडेल त्यात रोजच्या प्रोग्रॅमचे आणि रोजच्या फाइलीचे शॉर्टकट टाका. कॉम्प्युटर चालू होताच ते उघडतात. दोन-तीनच टाका, जास्त टाकले तर सुरू व्हायलाच चहा होईल. कोणता आधी उघडेल याची खात्री धरू नका. पिन केलेल्या असतील तर तशीही काळजी नाही, आयकॉन आपापल्या जागीच राहतात.

सेव्ह न केलेलं यातून परत येत नाही. त्याला यूपीएस.

१४. बाबा पंचवटीत एकटे असतात. विंडो उघडते आणि लगेच गायब होते म्हणतात.

ते टास्कबारवर डबल क्लिक करतायत. पहिल्या क्लिकने विंडो वर येते, दुसऱ्याने खाली जाते. डेस्कटॉपवर डबल क्लिक आणि टास्कबारवर सिंगल, हा फरक आपल्याला शिकून वीस वर्षं झाली म्हणून जाणवत नाही. त्यांना डेस्कटॉप दाखवूच नका. चार पिन, प्रत्येकाला एकच क्लिक. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरखाली चिकटवा: १ बँक, २ फोटो, ३ व्हिडिओ कॉल, ४ पेपर. आणि पुढच्या भेटीत "सुधारणा" करू नका, बघा प्रश्न ३.

१५. उबंटू टाकलंय. ऑल्ट + टॅबमध्ये एकाच प्रोग्रॅमच्या दोन फाइली वेगळ्या दिसत नाहीत.

ग्नोममध्ये, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, ऑल्ट + टॅब प्रोग्रॅम बदलतो, विंडो नाही. मॅकमध्येही कमांड + टॅबचं तसंच आहे. त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या विंडोसाठी ऑल्ट धरून टॅबच्या वरची, १ च्या डावीकडची की दाबायची. विंडोजची सवय मोडायची नसेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट, नॅव्हिगेशन इथे जाऊन "स्विच विंडोज" ला ऑल्ट + टॅब द्या. ऑफिसात दोन्ही प्रकारची मशीन असतील तर हे करूनच टाका. सकाळी एक नियम आणि दुपारी दुसरा, अशाने हात गोंधळतो. केडीईमध्ये (लिनक्सचा दुसरा एक डेस्कटॉप) टास्क स्विचरची स्वतंत्र सेटिंग्ज आहेत, यादीचा क्रमही तिथेच निवडता येतो.

उबंटूवर वेगळा लाँचर टाकलात आणि त्याची शॉर्टकट की चालेना, तर तुम्ही वेलँडवर (लिनक्सवर स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी नवी यंत्रणा) असाल. वेलँड कुठल्याही प्रोग्रॅमला मागे बसून सगळा कीबोर्ड ऐकू देत नाही. लाँचर उघडायची कमांड सिस्टिमच्याच कीबोर्ड सेटिंग्जमध्ये कस्टम शॉर्टकट म्हणून द्या.

१६. पिन केलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की तो तसाच राहतो आणि शेजारी दुसरा तसाच आयकॉन येतो.

पिन आणि विंडो यांची ओळख पटत नाहीये. विंडोजवर: जुनी पिन काढा, प्रोग्रॅम उघडा, आणि चालू असलेल्या आयकॉनवर राइट क्लिक करून तोच पिन करा. बहुतेकदा एवढ्याने मिटतं. प्रोग्रॅमच्या मोठ्या अपडेटनंतर हे कधीकधी होतं.

लिनक्सवर प्रोग्रॅमच्या डेस्कटॉप फाइलमध्ये "स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास" नावाची ओळ असते. विंडो स्वतःचं जे नाव सांगते ते तिथे हुबेहूब असावं लागतं. सिस्टिमची मूळ फाइल बदलू नका. तिची प्रत आपल्या होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्समध्ये ठेवून तिच्यात बदल करा. आपल्या प्रतीला प्राधान्य मिळतं. त्याच फाइलमध्ये "कीवर्ड्स" ची ओळ असते, तिथे "हिशोब" किंवा "पत्र" असे आपले शब्द घातले तर लाँचरमध्ये मराठीतून शोधलं तरी प्रोग्रॅम सापडतो.

१७. टास्कबारवर विंडो चालू दिसते, क्लिक केलं तरी स्क्रीनवर येत नाही.

काल प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडला होता का? विंडो अजून तिथेच उघडते आहे, आणि तो मॉनिटर आता नाही. टास्कबारवर क्लिक करून ती निवडा, मग विंडोज + शिफ्ट + डावा बाण. नाही आली तर जुना उपाय: ऑल्ट + स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि माऊस हलवा, विंडो बाणाला चिकटून येते.

आता घोळ. प्रश्न १२ वाचून पॉवरटॉईज टाकलं असेल तर ऑल्ट + स्पेसने त्याचा शोध उघडेल, विंडोचा मेनू नाही. पॉवरटॉईजच्या सेटिंग्जमध्ये त्याची शॉर्टकट दुसरी ठेवा.

दोन मॉनिटर कायमचे असतील तर टास्कबार बिहेव्हियर्समध्ये "जिथे विंडो उघडी आहे तिथलाच टास्कबार" हा पर्याय निवडा. एकच आयकॉन दोन्हीकडे दिसला की मान उगाच फिरते.

१८. डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर समोर असलं की लाँचरची शॉर्टकट चालत नाही. बाकी सगळीकडे चालते.

ते सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे. ॲडमिनची विंडो समोर असताना साध्या अधिकाराने चालणाऱ्या पॉवरटॉईजपर्यंत कीबोर्ड पोचत नाही, आणि सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पॉवरटॉईजही ॲडमिन म्हणून चालवता येतं, पण एका शॉर्टकटसाठी मी तसं सुचवणार नाही. ऑल्ट + टॅब आणि विंडोज + आकडा तिथेही चालतात, कारण ते विंडोजचे स्वतःचे आहेत.

१९. टॅली दुसऱ्या सर्व्हरवर आहे, रिमोटने उघडतो. ऑल्ट + टॅब कधी इकडे चालतं, कधी तिकडे.

रिमोट डेस्कटॉप पूर्ण स्क्रीनवर असेल तर ऑल्ट + टॅब सर्व्हरच्या विंडो बदलतो. लहान विंडोत असेल तर तुमच्या कॉम्प्युटरच्या. मूळ सेटिंगच तशी आहे. मी सांगते ते असं: रिमोट कायम लहान विंडोत ठेवा, म्हणजे ऑल्ट + टॅब नेहमी आपल्याच घरचा. सर्व्हरच्या आतल्या विंडो बदलायच्या असतील तर ऑल्ट + पेज अप, उलट दिशेने ऑल्ट + पेज डाउन, आणि तिथला स्टार्ट मेनू हवा असेल तर ऑल्ट + होम. लॅपटॉपवर पेज अप बाणाच्या कीवर असेल तर एफएनही धरावा लागतो, आणि मग चार दिवसांनी फोन येतो की "मॅडम, ब्राइटनेस कमी झाला." एफएन धरून चुकीची की दाबली गेलीय, एवढंच.